ठोके मोजायचे, वाजवायचे नाहीत

गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीला येणाऱ्या बाईचा प्रश्न एकच असतो: ‘ठोके आले का?’ पाळी चुकलेली असते, चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटलेल्या असतात, तरी माहेरी कळवायचे की नाही हे ठोक्यांवर अडलेले असते. ठोके दिसले, मोजले, आकडा रिपोर्टात उतरला की तपासणाऱ्याचे वैद्यकीय काम संपते. तपासणी मात्र पुष्कळदा तिथे संपत नाही. सोबत आलेले कुणीतरी म्हणते, ‘डॉक्टर, जरा ऐकवा ना,’ आणि आमच्यापैकी बरेच जण हातासरशी डॉप्लरचे बटण दाबतात. खोलीत धपधप घुमते, सगळ्यांचे चेहरे फुलतात. वर्षानुवर्षे हे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. पहिल्या तीन महिन्यांत ठोके मोजण्यासाठी डॉप्लर सहसा लागत नाही, आणि नुसते ऐकवण्यासाठी तो लावू नये. ठोके मोजणे हे निदानाचे काम आहे. ते एम-मोडवर होते आणि त्यात गर्भावर फारच कमी ऊर्जा पडते. ठोके वाजवून दाखवणे हा हौसेचा भाग आहे, आणि त्याची किंमत गर्भ मोजतो. किंमत लहान असेलही, पण तिच्या बदल्यात गर्भाला काहीच मिळत नाही.

आधी आकड्याविषयी, कारण ठोके नुसते ‘आहेत’ एवढ्याने भागत नाही. गर्भधारणेनंतरचा तिसरा आठवडा सरताना, म्हणजे पाळीच्या हिशेबाने पाच आठवडे उलटल्यावर, हृदयाची इवलीशी नळी आकुंचन पावू लागते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत तिची फडफड दिसते. तेव्हा वेग साधारण मिनिटाला १०० ते ११५ असतो. पुढच्या तीन आठवड्यांत तो भरभर चढतो, नवव्या आठवड्यात १७०च्या आसपास जातो आणि मग उतरत उतरत चौदाव्या आठवड्यापर्यंत १५०च्या घरात येतो. सहाव्या आठवड्यात तो ९०च्याही खाली असेल तर गर्भ टिकण्याची शक्यता बरीच कमी धरतात आणि आठवड्याभराने पुन्हा बोलावतात. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरूनही ठोके नसतील तर गर्भ वाढत नसल्याचे निदान पक्के होते. म्हणजे या आकड्यावर पुढची तपासणी, औषधे, घरच्यांशी काय बोलायचे, सगळे ठरते. ९५ आणि ११५ यांतला फरक कानाला कळत नाही. कानाला ‘जोरात चाललेत’ एवढेच कळते. निदानासाठी हवा असतो मोजलेला आकडा, आणि तो पडद्यावरच्या रेघेतून निघतो.

ही रेघ काढण्याची रीत जुनी आहे. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल पहिल्यांदा कागदावर उतरवली. आजचा एम-मोड त्याच कल्पनेवर चालतो. नेहमीच्या करड्या चित्रात, म्हणजे बी-मोडमध्ये, धडधडणारा ठिपका सापडवायचा, चित्र मोठे करायचे आणि एक उभी रेघ त्या ठिपक्यावरून न्यायची. पोटावरून तपासत असाल तर बाईला क्षणभर श्वास रोखायला सांगायचे. त्या एका रेघेवरची हालचाल काळाच्या पट्टीवर सरकत जाते आणि एकसारख्या लाटा उमटतात. फ्रीझ करायचे, एका लाटेच्या माथ्यावर एक कॅलिपर ठेवायचे, पुढच्या लाटेच्या नेमक्या त्याच जागी दुसरे. दोहोंमधले अंतर ०.३६ सेकंद आले तर ६० भागिले ०.३६, म्हणजे मिनिटाला १६७ ठोके. यात लक्ष ठेवायची जागा एकच आहे, आणि ती गडबडीत निसटते. काही यंत्रे एका ठोक्याचे अंतर धरतात, काही दोन ठोक्यांचे. यंत्र दोन ठोके धरून बसले असताना आपण एकाच लाटेचे अंतर मोजले तर १६७ऐवजी ३३३ येतात. असा आकडा कुणालाही खटकतो. पण उलटे झाले, यंत्र एकच ठोका धरते आणि आपण दोन लाटा मोजल्या, तर ८३ येतात. हा आकडा खरा वाटतो आणि धडधाकट गर्भाच्या आईला आठवडाभर घोर लावतो. म्हणून आकडा लिहिण्याआधी पडद्यावरची फडफड आणि आकडा यांचा मेळ बसतो का, हे डोळ्यांनी तपासायची सवय हवी. हे सगळे आवाज न करता होते.

डॉप्लर वेगळ्या तत्त्वावर चालतो. धावत्या रक्तावर आदळून परतणाऱ्या ध्वनिलहरीची कंपनसंख्या बदलते. लहर सेकंदाला ३० लाख कंपनांची असेल आणि रक्त सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने नेमके प्रोबच्या दिशेने येत असेल, तर फरक सुमारे पावणेआठशे कंपनांचा पडतो. हा फरक योगायोगाने माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात बसतो, म्हणून यंत्र तो स्पीकरवर सोडू शकते. खोलीत ऐकू येणारी धपधप अशी यंत्राने घडवलेली असते. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकू येणारी ती हृदयाची धडधड नव्हे. मात्र हा फरक टिपायचा तर लहरींचा झोत एकाच जागी रोखून धरावा लागतो, एकेक स्पंद लांब ठेवावा लागतो आणि ते सेकंदाला हजारोंनी पाठवावे लागतात. बी-मोडमध्ये झोत सतत सगळ्या चित्रावरून फिरतो आणि कुठल्याही एका रेघेच्या वाट्याला सेकंदाला काही मोजके, आखूड स्पंद येतात. एम-मोडमध्ये झोत एका रेघेवर थांबतो खरा, पण स्पंद आखूडच राहतात. आरतीचे तबक सगळ्यांपुढून फिरते तेव्हा ज्योतीची धग कुणाला लागत नाही. तेच एकाच्या तळहाताखाली धरून ठेवले तर लागते. असा एका जागी रोखलेला डॉप्लर, म्हणजे स्पेक्ट्रल डॉप्लर, हे धरून ठेवलेले तबक आहे.

आता ही धग कुणाला लागते ते पाहू. सातव्या आठवड्यात गर्भाची लांबी जेमतेम १ सेंटिमीटर असते, आठव्यात दीड सेंटिमीटरच्या थोडी पुढे. डॉप्लरचा झोत काही मिलिमीटर रुंद असतो. मोठ्या माणसाच्या हृदयावर डॉप्लर लावला तर मेंदू कितीतरी लांब राहतो. इथे हृदयावर रोखलेल्या झोतात जवळजवळ सगळाच गर्भ येतो. पाळीच्या हिशेबाने पाचवा ते दहावा आठवडा हा अवयव घडण्याचा काळ. शिवाय तापलेल्या जागेची उष्णता वाहून नेते ते रक्त, आणि या वयात गर्भाचे स्वतःचे अभिसरण तोकडे असते, वारेतली रक्ताची देवाणघेवाणही पुरती सुरू झालेली नसते. म्हणजे ऊर्जा सर्वांत एकवटलेली आणि ती विखरून टाकायची सोय सर्वांत कमी, असा हा काळ आहे. आईच्या अंगात ताप असेल तर गर्भाचे तापमान मुळातच चढलेले असते आणि त्यात ही भर पडते. ध्वनिलहरींचा दुसरा परिणाम यांत्रिक असतो. तो मुख्यतः वायूचे बुडबुडे असलेल्या ठिकाणी संभवतो आणि गर्भात तसे बुडबुडे नसतात. त्यामुळे इथे विचार करायचा तो प्रामुख्याने उष्णतेचा.

हा विचार करायला पडद्यावरच एक आकडा दिलेला असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘टीआय’ लिहिलेले असते, म्हणजे थर्मल इंडेक्स. पेशींचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी ध्वनिशक्ती लागेल असे गणित सांगते, तिच्या किती पट शक्ती या क्षणी प्रोबमधून बाहेर पडते आहे, हे त्यावरून कळते. टीआय १ म्हणजे तापमान नेमके १ अंशाने वाढलेच असे नाही. तो अंदाज आहे आणि प्रत्यक्षात वाढ कमी-जास्त असू शकते. दहा आठवड्यांच्या आत मऊ पेशींसाठीचा टीआयएस बघायचा, पुढे हाडे घट्ट होऊ लागली की हाडांसाठीचा टीआयबी, कारण हाड उष्णता अधिक शोषते. नेहमीच्या बी-मोडमध्ये हा आकडा एकच्या बराच खाली असतो, एम-मोडमध्येही फारसा हलत नाही. स्पेक्ट्रल डॉप्लर चालू केल्याबरोबर तो वर उडी घेतो, आणि यंत्राची शक्ती कमी केलेली नसेल तर सहज एकच्या पलीकडे जातो. ही उडी कुणालाही आपल्या यंत्रावर पाहता येते, फक्त नजर त्या कोपऱ्याकडे वळवायला हवी. नेमकी तीच वळत नाही. अमेरिकेत सोनोग्राफी वापरणाऱ्या डॉक्टर-तंत्रज्ञांची एक पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे निर्देशांक यंत्राच्या पडद्यावरच दिसतात हे तिथे पाचांतल्या साधारण एकालाच ठाऊक होते. आपल्याकडे चित्र याहून फार वेगळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

हे मत माझ्या एकट्याचे नाही. गर्भाचे ठोके मोजताना आधी एम-मोड वापरावा, कारण त्यात गर्भावर पडणारी सरासरी तीव्रता स्पेक्ट्रल डॉप्लरपेक्षा कमी असते, असे अमेरिकेतल्या अल्ट्रासाउंड तज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट म्हटले आहे. एम-मोडने जमलेच नाही तर डॉप्लर वापरावा, पण चार-पाच ठोक्यांपुरता, आणि टीआय शक्यतो एकच्या खाली ठेवून. प्रसूतिशास्त्रातील अल्ट्रासाउंडची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इसुऑग’ हिने २०११ मध्ये ११ ते १४ आठवड्यांच्या काळासाठी सांगितले की डॉप्लर सरसकट वापरू नये. वैद्यकीय कारण असेल तर टीआय १ किंवा त्याहून कमी ठेवावा आणि वेळ शक्यतो ५ ते १० मिनिटांपुढे नेऊ नये. ब्रिटनच्या अल्ट्रासाउंड संस्थेने तर टीआयप्रमाणे वेळेची उतरंडच आखून दिली आहे: ०.७ ते १पर्यंत तासभर, १.५ ते २पर्यंत १५ मिनिटे, २.५ ते ३पर्यंत एक मिनिट, आणि ३च्या पुढे गर्भावर वापरच नको. यामागचे सूत्र एकच आहे: निदान होईल एवढी ऊर्जा वापरायची, त्यावर कणभरही नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी सरळ आहे. इतकी वर्षे सोनोग्राफी होते आहे, कोट्यवधी मुले जन्मली, कुणाला काय झाले? आक्षेप वजनदार आहे आणि टाळण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात आईवर, बाळाच्या वाढीवर किंवा बुद्धीवर दुष्परिणाम आढळला नाही; मुलग्यांमध्ये डावखुरेपणाशी एक पुसट संबंध तेवढा दिसला. म्हणूनच सोनोग्राफी घातक आहे असे मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणत असेल तर ऐकू नये. पण या दिलाशाची मर्यादा समजून घ्यावी लागते. त्यातले बरेचसे अभ्यास जुन्या यंत्रांवरचे आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भतपासणीसाठीची तीव्रतेची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२०वर नेऊ दिली, म्हणजे साडेसात पटींहून जास्त. त्या बदल्यात टीआय पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था आली. सुरक्षिततेची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याकडून यंत्र वापरणाऱ्याकडे सरकली ती इथे. आज आपल्या दवाखान्यांतली बहुतेक यंत्रे याच पिढीतली आहेत. या यंत्रांवर, पहिल्या तिमाहीत, डॉप्लर लावलेल्या मुलांचा तेवढा भक्कम अभ्यास हाताशी नाही, आणि तो होणेही अवघड, कारण तुलनेला सोनोग्राफी न झालेल्या आया शोधायच्या कुठून? उंदरांवरच्या एका प्रयोगात, पास्को राकिच यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये दाखवले की गर्भावस्थेत अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ अल्ट्रासाउंड दिल्यास मेंदूतल्या काही पेशी आपल्या जागी पोचत नाहीत. उंदराचा मेंदू चिमुकला आणि वेळ लांब, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. तरी त्यातून एवढे कळते की ‘काहीच होत नाही’ हे गृहीत धरायची वस्तू नव्हे. वैद्यकात लहानसा, अनिश्चित धोका आपण रोज पत्करतो, पण पलीकडच्या पारड्यात फायदा असतो म्हणून. ठोके ऐकवण्यात ते पारडे रिकामे असते.

दुसरा आक्षेप कामाच्या अडचणीचा: एम-मोडने दर वेळी जमत नाही. पोट जाड असते, गर्भाशय मागे कललेले असते, गर्भ चार मिलिमीटरचा असतो आणि रेघ त्यावर ठरत नाही. खरे आहे. पण बहुतेक वेळा त्यावरचा उपाय योनीमार्गे तपासणी हा असतो. त्यात प्रोब गर्भाशयाच्या जवळ जातो, चित्र स्वच्छ येते आणि एम-मोडची रेघ ठिपक्यावर बसते. फडफड डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल आणि आकडा तेवढा निघत नसेल, तर हृदय चालू असल्याची नोंद करून, चित्रफीत साठवून, आठवड्याने पुन्हा मोजता येते. त्यानेही भागणार नसेल, ठोके फार संथ वाटत असतील आणि आकड्यावर आजच निर्णय अडला असेल, तर डॉप्लर जरूर लावावा. चार-पाच ठोके टिपावेत, लगेच फ्रीझ करावे आणि मोजमाप गोठवलेल्या चित्रावर करावे. फ्रीझ केल्यावर प्रोबमधून ऊर्जा जाणे थांबते. माझा विरोध डॉप्लर या साधनाला नाही, सवयीने लावलेल्या डॉप्लरला आहे. सर्वच रुग्णांत एम-मोड फसतो असे एखाद्याला वाटत असेल तर त्याला सरावाची गरज आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत आपण गर्भातल्या डक्टस व्हिनोसस या रक्तवाहिनीतला प्रवाह पाहतो, हृदयाच्या उजव्या झडपेतली गळती पाहतो, आईच्या गर्भाशयाच्या धमन्यांवर डॉप्लर लावून पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता जोखतो. मग ठोक्यांपुरताच सोवळेपणा कशाला? त्याचे कारण उद्देशात आहे. गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता ठरवण्यासाठी तो प्रवाह पाहायचा तर डॉप्लरला पर्याय नाही, म्हणून मर्यादा पाळून तिथे तो वापरायचा. आईच्या धमन्या गर्भाशयाच्या बाजूला असतात. झोत त्यांच्यावर असताना गर्भ त्या झोताबाहेर राहतो, त्यामुळे तिथे गर्भाच्या दृष्टीने प्रश्न सहसा येत नाही. ठोक्यांच्या बाबतीत मात्र त्याच माहितीसाठी कमी ऊर्जेचा रस्ता शेजारीच आहे. जिथे डॉप्लरवाचून गत्यंतर नाही आणि जिथे तो उगाच लावला जातो, त्या दोन प्रसंगांना एका मापाने तोलणे बरोबर नाही.

चौथा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तोच सर्वांत अवघड वाटतो. आधी एक-दोनदा गर्भपात झालेली बाई टेबलावर पडल्या पडल्या तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असते. तिला ठोके ऐकवले तर मिळणारा धीर हा काय उपचार नव्हे? धीर हा उपचारच आहे. पण तो आवाजातच असतो हे मला मान्य नाही. तपासणारा गप्प राहिला की बाई घाबरते, तो बोलला की सावरते. पडदा तिच्याकडे वळवावा, फडफडणारा ठिपका बोटाने दाखवावा, एम-मोडवरच्या लाटा दाखवून ‘हे बघा, मिनिटाला १५८, या आठवड्याला अगदी बरोबर’ असे सांगावे, की पुष्कळ काम होते. सहाव्या-सातव्या आठवड्यात चित्रावरून लिंग कळण्याचा प्रश्नच नसतो, तेव्हा पडदा दाखवायला कायद्याचाही अडसर नाही. आणि ऐकायची हौस काही कायमची मारायची नाही. तिसरा महिना सरल्यावर बाह्यरुग्ण विभागात पोटावर लावतात ते हातातले छोटे डॉप्लर यंत्र फार कमी शक्तीवर चालते; त्यावर प्रत्येक भेटीत ठोके ऐकवले तरी हरकत नाही. कळांच्या वेळी पोटाला पट्टा बांधून काढतात त्या आलेखाचेही तेच, त्याच्याविषयी कुणी धास्ती घेऊ नये. खटकते ते हेच छोटे यंत्र विकत आणून घरी लावणे. तिथे अडचण ऊर्जेपेक्षा अर्थ लावण्याची आहे. बाईला स्वतःच्याच धमनीची धडधड ऐकू येते, तिला वाटते बाळ ठीक आहे, आणि बाळाची हालचाल मंदावलेली असताना दवाखाना गाठायला उशीर होतो.

या सगळ्याला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. भारतात सोनोग्राफीइतकी नियमबद्ध दुसरी तपासणी क्वचित असेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरायचा, तपासणीचे कारण नोंदवायचे, बाईची आणि डॉक्टरची प्रतिज्ञापत्रे घ्यायची, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायचा, कागद दोन वर्षे जपायचे, दारात फलक लावायचा. मुलींच्या घटत्या संख्येपुढे हे गरजेचे होते आणि आहे. याच कायद्यामुळे बाळाची हौसेची चित्रफीत काढून देणारी दुकाने आपल्याकडे उघडपणे थाटता येत नाहीत. परदेशांत ती आहेत आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्याविरुद्ध वारंवार सावध करावे लागते. पण या कायद्याने आमच्या डोक्यात ‘सुरक्षित सोनोग्राफी’चा अर्थ ‘कागद चोख असलेली सोनोग्राफी’ असा होऊन बसला आहे. का तपासले हे एफ फॉर्म विचारतो. किती शक्तीवर तपासले हे तो विचारत नाही. हौसेला बाहेर दुकान मिळाले नाही, म्हणून ती अर्ध्या मिनिटाच्या आवाजाच्या रूपाने रीतसर तपासणीतच येऊन बसली. कागद पुरे झाले की आपली जबाबदारी संपली असे मानणाऱ्याला ती दिसतही नाही.

बदल करायला नवे यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. यंत्र बसवायला किंवा दुरुस्तीला इंजिनिअर येतो तेव्हा पहिल्या तिमाहीसाठी वेगळा प्रीसेट करून घ्यावा, त्यात शक्ती कमी ठेवावी आणि डॉप्लर चालू झाला तर तोही कमी शक्तीवर सुरू व्हावा. पुष्कळ यंत्रांत मूळचा डॉप्लर चढ्या शक्तीवर असतो, कारण चित्र उठावदार दिसले की यंत्र विकले जाते. चित्र अंधुक आले तर आधी गेन वाढवावा, पॉवर नव्हे. गेन परतलेल्या लहरीला मोठे करतो, त्यात गर्भावर जादा काही पडत नाही. पॉवर मात्र थेट गर्भाकडे जाते. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच उजळ दिसतो, म्हणून हा फरक शिकवावाच लागतो. निवासी डॉक्टरांना ठोके मोजायला शिकवताना एम-मोड आधी आणि टीआय त्याच वेळी शिकवावा, पुस्तकातल्या भौतिकशास्त्राच्या धड्यापुरता ठेवू नये. रिपोर्टात ‘ठोके १५८, एम-मोड’ असे लिहावे, आणि डॉप्लर वापरावा लागला असेल तर कारण आणि टीआय नोंदवावा. लिहायचे आहे म्हटले की बटणाकडे जाणारा हात आपोआप विचार करू लागतो. आणि ‘ऐकवा ना’ला उत्तर द्यायला एक वाक्य पुरते: ‘आत्ता बघून घ्या, तीन महिने झाले की ऐकवतो.’ या कारणाने रुग्ण दुसरीकडे जाईल ही भीती माझ्या अनुभवात तरी फोल आहे. बाळाच्या भल्यासाठी नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवरचा विश्वास उलट वाढतो.

ज्या आयांनी सातव्या-आठव्या आठवड्यात डॉप्लरवर ठोके ऐकले आहेत, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. अर्ध्या मिनिटाच्या त्या आवाजाने बाळाला इजा झाली असे म्हणायला कुठलाही आधार नाही. डॉक्टरांनी सांगितलेली पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी कुणी टाळूही नये; गर्भ नळीत अडकलेला नाही ना, वाढतो आहे ना, दिवस बरोबर आहेत ना, हे तिच्याशिवाय कळत नाही आणि ते न कळल्याचा धोका कितीतरी मोठा आहे. माझे सांगणे एवढेच की पहिल्या तीन महिन्यांत आम्हाला आकडा विचारा, तो कसा मोजला ते विचारा, पडदा दाखवायला सांगा. आवाजाचा आग्रह तेवढा धरू नका. तो ऐकायला पुढचे सहा महिने आहेतच.